पुस्तक ‘संपतं’ म्हणजे नक्की काय होतं?

गेल्या दिवाळीच्या आधी, अंकांच्या धांदलीत मान वर करायला फुरसत नसताना, एक निवृत्त शिक्षक कोल्हापुरातल्या माझ्या छापखान्यात टेबलासमोर येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढचं, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं. “हे तुमच्याकडंच जुळवलंतं. फाईल असंल की अजून?”

पुस्तक 1998 सालचं. भुदरगड तालुक्यातल्या भातशेतीचे शब्द गुरुजींनी नोकरी करता करता वीस-पंचवीस वर्षं गोळा केले होते. तरवा, धूळवाफ, कुरी, इरलं. आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोण, कधी, कोणत्या कामात वापरतं याची दोन-तीन ओळींची नोंद. फंडातून उचल घेऊन हजार प्रती काढल्या. दीडशेक प्रती शाळांत आणि ग्रंथालयांत गेल्या, जवळजवळ तेवढ्याच ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या. उरलेले गठ्ठे शाहूपुरीतल्या एका स्नेह्याच्या गोदामात पडून राहिले. 2005 च्या महापुरात खालची थप्पी गेली, 2019 ला वरची. आता नातीचं लग्न होतं, आणि पाहुण्यांना टोपी-नारळाऐवजी पुस्तक द्यायचं त्यांच्या मनात होतं. पंचवीस प्रती.

पंधरा वर्षांपूर्वी कोणी पंचवीस प्रती मागितल्या असत्या तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं. आज ते काम होतं. डिजिटल छपाईमुळे होतं, आणि त्या सोयीचं कौतुक सगळीकडे चाललेलंच आहे. मला कौतुक करायचं नाही असं नाही, पण त्या पंचवीस प्रतींसाठी मला पुढचे सव्वा दोन महिने जे करावं लागलं ते पाहता, मराठी पुस्तकाचं पुढे काय होणार या चर्चेत आपण भलत्याच गोष्टीवर भांडतोय असं माझं ठाम मत झालं आहे. कागद टिकणार की पडदा, हा वाद मला दुय्यम वाटतो. पुस्तकाची फाईल कोणाकडे आहे, ती उघडते का, आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे तीन प्रश्न सुटले तर पुस्तक कागदावरही येईल, मोबाईलवरही येईल. ते सुटले नाहीत तर दोन्हीकडे येणार नाही.

आधी हजार प्रतींचा हट्ट कुठून आला ते बघू. 192 पानांचं डेमी आकाराचं पुस्तक घ्या. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे बारा फर्मे. प्रत्येक फर्म्याला दोन बाजू, म्हणजे चोवीस प्लेटा. प्रत्येक प्लेट मशीनवर चढवायची, शाई बसेपर्यंत कागद वाया घालवायचा, मग खरी छपाई सुरू. हा सगळा खटाटोप एक प्रत काढायला जेवढा, तेवढाच हजार काढायला. समजा या तयारीला वीस हजार रुपये लागले आणि त्यानंतर कागद, छपाई, बांधणी मिळून दर प्रतीला पन्नास. हजार प्रती काढल्या तर एक प्रत सत्तर रुपयांना पडते. शंभर काढल्या तर अडीचशेला. पंचवीस काढल्या तर साडेआठशेला. म्हणून प्रकाशक हजार-अकराशेची आवृत्ती काढायचे, आणि विकली जाईल की नाही ही धाकधूक गोदामात रचून ठेवायचे.

डिजिटल मशीनला प्लेट लागत नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच भावात पडते. समजा दीडशे रुपये. वरच्या हिशेबात दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल स्वस्त, त्यापुढे ऑफसेट, म्हणजे ती प्लेटांची छपाई. आकडे कागदाच्या भावाप्रमाणे हलतील, पण गणिताचा ढाचा हाच. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या आता पाचशेवर आणि तीनशेवर आल्या आहेत; त्या आणखी खाली, दोनशेच्या रेषेला टेकल्या की अर्ध्याहून जास्त मराठी प्रकाशन मागणीनुसार छपाईच्या बाजूला झुकणार, कोणाला आवडो न आवडो. कविता आणि संशोधनपर ग्रंथ कधीच झुकलेत.

तंत्र काही नवंही नाही. अमेरिकेत इन्ग्रॅम या पुस्तक-वितरक कंपनीने 1997 मध्येच हा धंदा सुरू केला: ऑर्डर आली की प्रत छापायची, गोदाम नको. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात एस्प्रेसो नावाचं यंत्र बसवलं गेलं. एका टोकाला फाईल द्यायची, काही मिनिटांत दुसऱ्या टोकाला बांधलेलं पुस्तक. कॉफीसारखं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकानोदुकानी हे यंत्र येणार. आलं नाही. यंत्र महाग होतं हे खरंच, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. यंत्राला द्यायला फाईल हवी, आणि फाईल देणाऱ्याची परवानगी हवी.

आपल्या कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको खरं तर. शेतातल्या पंपाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही म्हटल्यावर माणूस शिवाजी उद्यमनगरात येतो. मोडका तुकडा लेथवाल्यापुढे ठेवतो, आणि संध्याकाळी नवा घेऊन गावी जातो. एक नग. मागणीनुसार उत्पादन म्हणतात ते हेच, आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पण लेथवाल्याला नमुना लागतो किंवा ड्रॉइंग लागतं. शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम करून घ्यायचं तर पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, लागतो, आणि तिथला रिवाज साधा आहे: पॅटर्न फौंड्रीच्या शेडमध्ये पडून असला तरी मालकी गिऱ्हाइकाची. उद्या भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पॅटर्न उचलून गोकुळ शिरगावला जाऊ शकतो. फौंड्रीवाला कुरकुर करेल, पण पॅटर्न देईल.

पुस्तकाचा पॅटर्न म्हणजे फाईल. तिच्याबाबत असा कुठलाच रिवाज आपल्याकडे नाही.

गुरुजींच्या पुस्तकाची फाईल माझ्याकडे होती. म्हणजे सीडी होती, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वर मार्करने नाव लिहिलेली. ती वाचणारा ड्राइव्ह शोधायला दोन दिवस गेले. फाईल पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची निघाली. ती उघडायला मी कोपऱ्यात एक म्हातारा संगणक जपून ठेवलाय, त्यामुळे उघडली. पण पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. कारण फॉन्ट नव्हता. त्या काळातलं मराठीचं सॉफ्टवेअर संगणकाच्या मागे एक कुलूपवजा डबी लावल्याशिवाय चालायचं नाही, आणि ती डबी कधीच निकामी झाली होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणाऱ्यांच्या, बाहेर हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. 1990 नंतरची पंधरा-वीस वर्षं मराठीत जे काही संगणकावर जुळवलं गेलं, त्यातलं बहुतेक संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर ‘कि’ दिसायचं, पण आत आधी वेलांटीचा तुकडा आणि मग ‘क’चा, दिसण्याच्या क्रमाने. आजच्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, उच्चाराचा क्रम असतो: आधी क, मग वेलांटी. शिवाय प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी. त्यामुळे जुनी फाईल म्हणजे मजकूर नसून नक्षी आहे. त्यात शब्द शोधता येत नाही, ती मोबाईलच्या रुंदीप्रमाणे वळत नाही, आणि अंधांना वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती बडबडगीत वाटते.

मग रूपांतर. त्यासाठी आता बरेच कनव्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात. एकातून मी पुस्तक काढलं. पहिल्या नजरेला छान. चौदाव्या पानावर वाचलं: ‘दर्याखोर्यांतल्या वाड्यांवर’. गुरुजींनी लिहिलं होतं ‘दऱ्याखोऱ्यांतल्या’. भुदरगडाच्या दऱ्यांचा एका दमात दर्या झाला होता! ‘कुऱ्या’ म्हणजे कुरी या अवजाराचं अनेकवचन, त्याच्या ‘कुर्या’ झाल्या; ‘दोऱ्या’ही त्याच वाटेने गेल्या. मराठीला अर्धचंद्राचा ऱ्य आणि डोक्यावरचा रफार अशी दोन वेगळी रूपं लागतात. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या कनव्हर्टरला एवढा भेद करायची गरज वाटली नसावी. शब्दांच्याच पुस्तकात शब्द बिघडून कसं चालेल? मुद्रितशोधनाला सव्वा महिना गेला. छपाई दीड दिवसात झाली, बांधणीसह.

त्यामुळे ‘सगळी मराठी पुस्तकं डिजिटल करून टाका’ असं कोणी भाषणात म्हणालं की मला हसू येतं. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ बनवणं म्हणजे त्याचा फोटो काढणं. फोटो उपयोगी आहेच, मूळ प्रत नष्ट झाली तर तोच आधार. पण फोटोतून नवं पुस्तक निघत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माझ्या आईला किंडलवर अक्षर हवं तेवढं मोठं करून वाचता येतं, ते त्यात युनिकोडचा मजकूर असतो म्हणून. पीडीएफ मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं आणि ती वैतागून चष्मा काढते. अंधांसाठीच्या मराकेश करारावर मंजुरीची मोहोर उठवणारा भारत हा पहिला देश, 2014 साली. आपल्या कायद्याने तर त्याआधीच, 2012 च्या दुरुस्तीत, अपंगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करायला मोकळीक दिली. कायदा तयार आहे, मजकूर तयार नाही.

आता ई-पुस्तकाकडे. मराठीत ई-पुस्तकं रुजली नाहीत याचं कारण विचारलं की ‘वासाची मजा नाही’ हे उत्तर ठरलेलं. मला पुस्तकाच्या वासाबद्दलचं हे हळवेपण कळत नाही. आमच्या धंद्यात तो वास शाईचा आणि सरसाचा असतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. कारणं साधी आहेत. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली 2016 च्या डिसेंबरात. त्या आधीची दहा वर्षं पीडीएफची सवय लागून गेली होती, आता व्हॉट्सअॅपवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफची आहे, पानाच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा दिसतो त्या. स्टोरीटेलने 2017 मध्ये मराठी ऐकती पुस्तकं आणली आणि ती माझ्या पाहण्यात ई-पुस्तकांपेक्षा लवकर अंगवळणी पडली. पुण्याला गाडी चालवत जाणारा माणूस वाचू शकत नाही, ऐकू शकतो.

आणि कराची गंमत तर वेगळीच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर सुरुवातीला 18 टक्के होता. 2018 च्या जुलैत तो 5 टक्क्यांवर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच ई-पुस्तकासाठी. म्हणजे कागदाचा दाखला असेल तर तुम्ही पुस्तक, नसेल तर नुसती ऑनलाईन सेवा. एखाद्या पोराने कादंबरी थेट मोबाईलसाठीच लिहिली तर सरकारदरबारी ती कादंबरी ठरत नाही.

पण ई-पुस्तकाबाबतची माझी खरी हरकत मालकीची आहे. 2009 मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. तरी रात्रीत पुस्तक कपाटातून जाऊ शकतं हे जगाने पाहिलं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये ग्रंथालयांना सांगितलं, आमचं ई-पुस्तक 26 वेळा देऊन झालं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या.

आता आपलं करवीर नगर वाचन मंदिर डोळ्यासमोर आणा. कोल्हापूरकरांचं ‘कनवा’. 1850 साली सुरू झालेलं ग्रंथालय. तिथल्या एखाद्या चालत्या कादंबरीच्या मागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के मोजा. चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली असते. सव्वीस शिक्के म्हणजे तिचं बालपण. ग्रंथालयाने एकदा पैसे मोजले, त्यानंतर ती प्रत ग्रंथालयाची, बांधणी उसवली तर पुन्हा शिवून घ्यायचा अधिकारही ग्रंथालयाचा. हा हक्क ई-पुस्तकात ग्रंथालयाला द्यायचा की नाही, हा ठरवण्याचा विषय आहे. यंत्राने तो आपोआप ठरत नाही. आणि आपण काही बोललो नाही तर परवाना लिहिणारी कंपनी तो तिच्या सोयीने ठरवेल.

कागदाच्या बाजूनेही मी फार छाती पुढे काढणार नाही. 2019 च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयात हजारो पुस्तकं भिजून गेली. व्हीनस कॉर्नरला पाणी चढतं तेव्हा कोल्हापुरात अजूनही कोणाच्या ना कोणाच्या गोदामात गठ्ठे भिजतच असतात. भिजलेला कागद फुगतो, गठ्ठ्याची दोरी तुटते, आणि चार दिवसांत सगळं एकमेकांना चिकटून वीट बनते. रद्दीवालाही घेत नाही. हे ज्याने उचलून टाकलंय त्याला ‘फाईल तीन ठिकाणी ठेवा’ याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तर पॅटर्न कोणाचा? लेखक-प्रकाशक करार हा मराठीत नाजूक विषय. बरेच व्यवहार अजून शब्दावर चालतात, आणि ते नीट चालतातही, हे मी बघितलंय. पण शब्दावर चाललेल्या व्यवहारात आवृत्ती हा शब्द कळीचा होता. आवृत्ती संपली, प्रकाशकाने पुढची काढली नाही, की लेखक म्हणायचा, आता मी दुसरीकडे देतो. संपणं ही लेखकाची सुटका होती. मागणीनुसार छपाईत पुस्तक संपतच नाही! यादीत नाव आहे, वर्षाला दोन प्रती जातात, म्हणून ‘उपलब्ध आहे’. जाहिरात नाही, दुकानात ठेवणं नाही, पण हक्क अडकलेला. परदेशात लेखकांच्या संघटना यावर भांडून करारात किमान विक्रीची अट घालून घेतात: वर्षात अमुक प्रती गेल्या नाहीत तर हक्क परत. आपल्याकडे साहित्य संमेलनात ठराव कशावर होतात ते सोडा, पण हा ठराव कोणी मांडलेला माझ्या ऐकिवात नाही.

कायदा लेखकाला वाटतो त्याहून बरा आहे. कराराची मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षंच धरली जाते. आणि 2012 च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची गोष्ट केली: हक्क देताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलेलं नव्हतं, त्याचा नाव घेऊन उल्लेख केल्याशिवाय ते हस्तांतरित होत नाही. हे कलम वाचून कोल्हापूरच्या किती लेखकांनी आपल्या नव्या कराराची पानं उलटून बघितली असतील? माझ्या परिचयातल्या एका कवयित्रीला बाहेरगावच्या एका छपाई-संस्थेने तीस प्रती आणि प्रशस्तिपत्र दिलं. करारात कागद, ई-पुस्तक, ध्वनी आणि ‘भविष्यात निर्माण होणारी सर्व माध्यमं’ असं एका ओळीत लिहून घेतलं होतं. तिने ते वाचलं होतं. तिला वाटलं, वा, आपल्या कवितांचा किती पुढचा विचार करतायत.

या छपाई-संस्थांबद्दल मी सौम्य राहू शकत नाही. पैसे लेखकाकडून घ्यायचे, संपादन नावापुरतं, मुद्रितशोधन तेही नाही, आणि पुस्तक कोणाच्या हाती पडतंय याची फिकीर नाही, कारण कमाई छापण्यातून झालेली असते. त्यांच्या गिऱ्हाइकांत प्राध्यापक मंडळी भरपूर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2010 च्या नियमांनी बढतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली, त्यात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असलेल्या पुस्तकाला गुण. आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. मग वीस प्रतींचे ग्रंथ निघू लागले. पाच मुलाखतीच्या फायलीला, पाच विभागाच्या कपाटाला, बाकी घरी. एरवी हजार प्रतींचा भुर्दंड पडायचा म्हणून प्रकाशक हस्तलिखित वाचायचा, नको ते परत करायचा. तो भुर्दंड एक प्रकारचा संपादकच होता. तो गेला, आणि त्याच्या जागी कोणी आला नाही. मला लोक विचारतात, तू स्वतः छपाईवाला, तुझं काय जातं? जातं. नऊशे चुका असलेलं पुस्तक मशीनवर घेताना जातं.

तरीही या यंत्राचा खरा हकदार कोण म्हणाल तर तो जुना लेखक, आधी छापला गेलेला आणि आता मिळत नसलेला. नव्यांना मिरवायला इतर शंभर जागा आहेत. वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क, म्हणजे 2036 अखेरपर्यंत; पण खांडेकर बाजारात आहेत, त्यांची काळजी नको. राजाराम कॉलेजात शिकवलेले कवी माधव जूलियन 1939 मध्ये गेले; तेव्हाच्या कायद्यात मुदत पन्नास वर्षांची होती, त्यामुळे त्यांचं लेखन 1990 सालापासून सर्वांचं झालेलं आहे. कोणीही छापावं. तरी त्यांच्या सगळ्या लेखनाची शुद्ध, शोधता येईल अशी फाईल कोल्हापुरात कोणाकडे मागायची हे मला सांगता येणार नाही. आणि या दोन टोकांच्या मधले शेकडो: 1970-80 ला पुस्तक आलं, लेखक वारले, मुलं मुंबई-बंगळुरात, प्रकाशन बंद. कोणाची परवानगी घ्यायची तेच कळत नाही. लेखक मृत किंवा सापडत नसेल तर परवाना मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे, कलम 31-क. पण दीडशे प्रतींच्या पुस्तकासाठी वकील कोण करणार?

मला विचाराल तर सुरुवात नव्या पुस्तकांपासून करावी, कारण तिथे कोणाचा वारस शोधावा लागत नाही. राज्यात 1967 च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गातली हजारो ग्रंथालयं अनुदानावर चालतात आणि मराठी प्रकाशनाचा बराच डोलारा त्यांच्या खरेदीवर उभा आहे. नवलेखकांना राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून अनुदान मिळतं. 1954 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. कागदाची प्रत. सरकारी पैसा ज्या पुस्तकाला लागला, त्याची युनिकोड मजकुराची एक फाईल ठेवीसारखी सरकारी ग्रंथालयात जमा झालीच पाहिजे, असा नियम करायला काय हरकत आहे? लगेच उघडायची नाही, वाटायची नाही. पुस्तक पाच वर्षं बाजारात नाही असं दिसलं तर ग्रंथालयाने लेखकाला किंवा वारसाला पत्र लिहावं, आणि त्यांच्या संमतीने मागेल त्याला प्रत छापून द्यावी, रॉयल्टी कापून.

प्रकाशकांचं यावर म्हणणं ठाऊक आहे मला, तोंडावर ऐकलंय: फाईल बाहेर गेली की दुसऱ्या दिवशी फुटपाथवर. भीती खोटी नाही. पण फुटपाथवरच्या चोरट्या प्रती फाईलवरून निघत नाहीत, खपणाऱ्या पुस्तकाच्या छापील प्रतीवरून निघतात, आणि मागणीनुसार छपाईचा फायदा चोरांनी आपल्या आधी ओळखला. ते भुदरगडच्या भाताच्या शब्दांच्या वाट्याला जाणार नाहीत. दुसरा आक्षेप किमतीचा, तो मला जास्त पटतो. दीडशेला पडलेली प्रत रॉयल्टी आणि विक्रेत्याचं कमिशन धरून तीनशेच्या खाली विकता येत नाही, आणि आपल्या वाचकाला प्रदर्शनातल्या सवलतीची सवय. पण तीनशे रुपये ‘महाग’ आणि ‘मिळतच नाही’ यात निवड करायची तर अभ्यास करणारा माणूस पहिल्याला हो म्हणतो. शिवाजी विद्यापीठातली संशोधक मुलं एकेका जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्सला याहून जास्त मोजताना मी बघतो, आणि ती झेरॉक्स वर्षभरात फिकी पडते.

गुरुजींच्या पंचवीस प्रती लग्नाच्या चार दिवस आधी तयार झाल्या. सव्विसावी मी माझ्यासाठी काढली, आणि सत्ताविसावी त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयात द्यायला गेलो. सोबत पेनड्राइव्हवर फाईल. ग्रंथपाल बाई मोठ्या हौशी, पुस्तक चाळून लगेच दाखल नोंदवही काढून बसल्या. दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, बांधणी, देणगी की खरेदी. सगळे रकाने भरून झाले आणि पेनड्राइव्ह टेबलावर तसाच राहिला.

“याची नोंद कुठं करू, दादा?” त्यांनी विचारलं. “इन्स्पेक्शनला आले तर हे काय म्हणून दाखवू?”

आम्ही दोघांनी मिळून वही मागेपुढे चाळली. शेवटी त्यांनी शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात लहान अक्षरात ‘फाईल सोबत’ असं लिहिलं. पेन्सिलीने.